समईछाप छिन्नी

भोपाळला, आमच्या सोनागिरीच्या घरात अंधाराला फार मान होता. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याची एक शेड. त्या शेडच्या एकुलत्या एका खिडकीवर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गोणपाटाचे तीन थर ठोकले होते. दार लावलं की आत भरदुपारी स्वतःचा हात दिसत नसे. आई म्हणायची, "लोकं घरात देव बसवतात, यांनी अंधार बसवला." नाना मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होते. सकाळच्या पाळीवरून परत आले की कपडे बदलायचे, बशीतून चहा प्यायचे आणि शेडमध्ये शिरायचे. मग भट्टीच्या पंख्याची घरघर सुरू व्हायची, कोळशाचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा, नंतर हातोड्याचे ठोके, आणि सगळ्यात शेवटी लाल लोखंड पाण्यात बुडाल्याचा 'चर्र' आवाज. तो आवाज आला की आई पोळपाट मांडायची. तिचं घड्याळ तेच होतं.

नाना छिन्न्या बनवत. भिंत फोडायच्या, दगड तासायच्या, पत्रा कापायच्या. नागपूरहून नोकरीसाठी भोपाळला आलेल्या माणसाला हा नाद कुठून लागला, ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "कारखान्यात मी साहेबाच्या कामाचा आहे, इथं माझ्या कामाचा." छिन्नी घडवणं कुणालाही जमेल, खरी मेख पाणी देण्यात आहे, हे त्यांचं आवडतं वाक्य. घडवलेली छिन्नी पुन्हा तापवायची आणि नेमक्या रंगाला आली की पाण्यात बुडवायची, याला पाणी देणं म्हणतात. कमी तापली तर धार वाकते, जास्त तापली तर छिन्नी ठिसूळ होते आणि घाव बसताच फुटते. तो नेमका रंग नाना नुसत्या डोळ्यांनी ओळखत. "डाळिंबाचा दाणा झाला पाहिजे," म्हणायचे. "त्याच्या पुढे गेला, पळसाचं फूल झालं, की छिन्नी मेली समज."

पाणी देण्याआधी, लोखंड मऊ असताना, प्रत्येक छिन्नीवर छाप मारायचा असे. ते काम माझं. नानांनी पोलादाच्या तुकड्यावर स्वतः कोरलेला ठसा होता, त्यात एक इवलीशी समई. ठसा सरळ धरायचा आणि एकच घाव घालायचा. मी अकरावीत होते आणि घाईची होते, त्यामुळे माझी समई नेहमी डावीकडे कलायची. वसंतमामा ती बोटाने चाचपून विचारायचा, "सुमे, तुझ्या समईला वारा नेहमी उजवीकडूनच काहून लागते?"

वसंतमामा हा आईचा धाकटा भाऊ. वायरमनचं काम शिकून तो नागपूरहून आमच्याकडे आला तो राहिलाच. अवधपुरीकडे तेव्हा शेतं मोडून नव्या कॉलन्या उठत होत्या, आणि त्या घरांच्या भिंतींना वायरीसाठी खाचा पाडायचं काम त्याला बारा महिने मिळत असे. तो आला की घर जागं व्हायचं. आईला जवळचं दिसत नसे आणि चष्मा लावायची तिला लाज वाटे, म्हणून दुपारी घरी असला की मामा तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचा. दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करायचा, सुई उजेडाकडे धरायचा आणि एका झटक्यात ओवायचा. कधी कधी आईला चिडवायला डोळे मिटून ओवायचा. निदान मिटल्यासारखे दाखवायचा. आई म्हणायची, "बायको आली की तिच्याही सुया ओवशील का रे?" अमरावतीची एक मुलगी त्याच्यासाठी जवळजवळ ठरलीच होती.

आता सईदभाईंबद्दल सांगते. पुराने भोपाळमध्ये बुधवाऱ्याला त्यांची भट्टी होती. तीन पिढ्या त्यांच्या घरात एकच काम चालत आलं होतं, दुसऱ्यांनी घडवलेल्या लोखंडाला पाणी देणं. ते स्वतः काहीही बनवत नसत. शहरातले शिंपी कात्र्या आणत, सुतार रंधे आणत, सरोतेवाले सरोते, म्हणजे अडकित्ते, आणत, आणि सईदभाई नुसतं पाणी देऊन परत करत. त्यांच्या भट्टीला काटा असलेलं एक मोजमापाचं यंत्रही होतं. नानांना त्या यंत्राचं फार हसू यायचं. "ज्याला नाडी कळत नाही, त्याला थर्मामीटर लागतो," असं म्हणायचे, पण सईदभाईंच्या तोंडावर नाही. दोघांची दोस्ती खरी होती. ईदेला शीरखुर्म्याचा डबा सोनागिरीला यायचा, दिवाळीला आमच्या चकल्या बुधवाऱ्याला जायच्या.

समईछाप छिन्नीचं नाव झालं. आधी कारखान्यातले लोक घेत, मग इतवारा बाजारातले हार्डवेअरवाले मागू लागले, मग विदिशा, सिहोरचे ठेकेदार निरोप पाठवू लागले. आठवड्याला वीस छिन्न्या करणाऱ्या माणसाकडे दोनशे मागू लागल्यावर त्याने काय करावं? नानांनी नोकरी सोडली. त्या दिवशी आईने देवापुढे दिवा लावला आणि दिवसभर तो विझू दिला नाही. इंडस्ट्रियल एरियात एक मोठी शेड भाड्याने मिळाली आणि घडवायला दोन लोहार ठेवले.

सईदभाई आमच्या ओट्यावर आले होते ती संध्याकाळ मला चांगली आठवते. आईने पाटवड्या केल्या होत्या. सईदभाईंनी दोन खाल्ल्या, हात पुसले आणि म्हणाले, "नाना साब, मैं तो ये के रिया हूँ कि अब काम बढ़ रिया है. गढ़ाई आपकी, छाप आपकी, पानी मुझपे छोड़ दो. बीस छिन्नी आँख से हो जाती हैं, दो सौ में आँख थक जाती है."

नाना हसले. "सईदभाई, लड़की हमारी, और कन्यादान कोई और करेगा?"

"कन्यादान आप ही करो," सईदभाई शांतपणे म्हणाले. "मैं तो मेहंदी लगानेवाला हूँ. वो तो कोई माँ-बाप नहीं लगाते ना."

मामा खो खो हसला. नाना हसले नाहीत. "भाऊजी, ते बरोबरच बोलून राहिले," मामा म्हणाला, "तुम्ही गिऱ्हाईक पहा, माल पहा." पण नानांनी पाटवडीची ताटली पुढे सरकवली आणि विषय बदलला. सईदभाई जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. नाना नंतर आईला म्हणाले, "माझ्या छिन्नीवर छाप माझा आणि जीव दुसऱ्याचा, हे मला जमायचं नाही."

माझा मुलगा आज अवधपुरीत घरांवर सोलरचे पॅनल बसवायचा धंदा करतो. सकाळी गिऱ्हाइकाशी बोलतो, दुपारी छतावर चढतो, रात्री कागद भरतो, आणि वाऱ्यात पॅनल टिकेल का हेही अंदाजाने तोच ठरवतो. परवा मी म्हटलं, "अरे, त्या कामाचा जाणता माणूस ठेव." तर म्हणतो, "आई, मला सगळं येतं. आणि तू कुठं बिझनेस केला आहेस?" सगळं येतं हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, पण ते कुठे नेतं हे दोन वाक्यांत सांगता येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

नव्या शेडचं नानांना भारी कौतुक. आयुष्यभर कोंदट टूलरूममध्ये आणि गोणपाटाच्या अंधारात काढलेला माणूस, त्याने पहिली गोष्ट काय केली असेल तर छपराचे अर्धे पत्रे काढून पारदर्शक पत्रे बसवले. लख्ख उजेड आत आला. पूजेच्या दिवशी नाना वर बोट दाखवून सगळ्यांना सांगत होते, "पाहा, मालकाच्या कारखान्यात दिवा लावावा लागत नाही." आईने नारळ फोडला. मला पांढऱ्या कॉलरचा ड्रेस शिवला होता. आणि त्या लख्ख उजेडात नानांनी आपल्या हाताने भट्टी पेटवून नव्या शेडमधल्या पहिल्या लॉटला पाणी दिलं.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की तो जुना अंधार हेच नानांचं खरं हत्यार होतं, आणि तेच आम्ही सोनागिरीला विसरून आलो होतो.

ते मला समजावलं सईदभाईंनी. नाना माल घेऊन बाजारात गेले होते आणि मी उरलेल्या छिन्न्या मोजून खोक्यात भरत होते. सईदभाई मिठाईचा पुडा घेऊन आले, नव्या शेडला मुबारकबाद द्यायला. आत आल्या आल्या त्यांनी वर पाहिलं, मग भट्टीकडे पाहिलं, आणि पुडा माझ्या हातात देऊन खोक्यातली एक छिन्नी उचलली. शेगड्यात, म्हणजे लोखंड पकडायच्या त्या चापात, घट्ट आवळली आणि हातोडीचा एक घाव घातला. छिन्नी वाकली नाही, मुळा मोडावा तशी मोडली. त्यांनी मोडलेलं तोंड माझ्यापुढे धरलं. "देखो बिटिया. अंदर से मैदे जैसा बारीक होना चाहिए. ये तो शक्कर के दाने हैं."

मला काही कळेना. मग त्यांनी वर छपराकडे बोट केलं. "लोहे का लाल रंग अँधेरे में सच बोलता है. उजाले में वो फीका दिखता है, तो आदमी और तपाता है. नाना साब को अनार दिख रिया होगा, मगर अंदर टेसू हो चुका." अनार म्हणजे डाळिंब, टेसू म्हणजे आमचा पळस. नानांचंच वाक्य सईदभाई मला त्यांच्या भाषेत सांगत होते.

मोडलेले तुकडे त्यांनी रुमालात बांधून खिशात घातले. "ये लॉट रुकवा लो," म्हणाले. "मैं कहूँगा तो उन्हें लगेगा कि काम माँगने आया हूँ. तुम बेटी हो, तुम्हारी बात का बुरा नहीं मानेंगे. आज ही बोलना." मी मान डोलावली. तेव्हा खरोखरच सांगायचं ठरवलं होतं.

संध्याकाळी आईने गोळाभात केला होता. भरड डाळीचे गोळे, मोकळा भात, वर लसणाच्या फोडणीचं कडकडीत तेल. नाना बाजारातून आले ते वेगळेच कुणी असल्यासारखे. सगळा माल दुकानदारांनी हातोहात ठेवून घेतला होता. एकाने खुर्ची दिली होती, एकाने चहा पाजला होता, आणि एकाने त्यांना 'सेठजी' म्हटलं होतं. तो 'सेठजी' नानांनी चार वेळा सांगितला. मामा प्रत्येक वेळी उठून मुजरा करायचा. नानांनी उरलेल्यातल्या चार छिन्न्या त्याला दिल्या, "घे, नव्या कारखान्याची पहिली भेट." मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी आमच्या घरात कधी पाहिली नव्हती. आईच्या हातातून पळी घेतली, तिला पाटावर बसवलं आणि तिच्या भातावर स्वतःच्या हाताने तेल वाढलं. आई लाजून लाल झाली.

मी म्हणाले, "नाना..."

"काय ग?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. नानांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं. इतक्या वर्षांत मी त्या क्षणाशी पुष्कळ भांडले आहे. कधी स्वतःला समजावते की मी पोर होते, कधी म्हणते की उद्या सांगणार होते. पण खरं एवढंच आहे की त्यांचं ते हसू आपल्या हातून जावं असं मला वाटलं नाही.

"भात वाढू?" मी विचारलं.

"मला वाढ," मामा म्हणाला, आणि त्याने ताट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आपण सांगितलेलं नाही हेच इतकं मोठं झालं की आता सांगितलं तर आधी त्याचाच जाब द्यावा लागेल असं वाटलं. चौथ्या दिवशी दुपारी अवधपुरीहून ठेकेदाराचा माणूस स्कूटरवरून आला आणि ओट्याखालूनच ओरडला, "वसंत भैया को लग गई है, आँख में." आई पाट्यावर वाटण वाटत बसली होती. ती वाटणाच्या हातांनीच उठली. हॉस्पिटलपर्यंत तिचे हात तसेच हिरवे होते. मामा भिंतीला खाच पाडत होता, घाव बसला आणि छिन्नीच्या धारेची कपची उडून उजव्या डोळ्यात गेली. डॉक्टरांनी दोन दिवस प्रयत्न केला. डोळा गेला.

शुद्धीवर आल्यावर मामा पहिलं वाक्य काय बोलला असेल? "भाऊजी, तुमच्या छिन्न्या घरीच राहिल्या. चौकातून एक बाजारू घेतली होती."

नाना त्याच्या खाटेवर बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते त्याला रागावत होते. "काहून घेतली रे वसंता? घरची भट्टी असताना बाजारातलं काहून घेतलं? अशा अर्धवट लोकांच्या हाती लोखंड देऊ नये." मामा त्यांचा हात थोपटत होता. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. नाना बाहेर गेल्यावर मी मामाची कामाची पिशवी उघडली. तळाशी धार तुटलेली छिन्नी होती. तिच्यावर समई होती, आणि ती डावीकडे कलली होती.

"सुमे, ते आत ठेव," मामा म्हणाला. त्याचा उरलेला डोळा माझ्याकडेच होता.

मी तिथेच रडत त्याला सगळं सांगितलं. सईदभाई आले होते ते, मोडून दाखवलेली छिन्नी, 'आज ही बोलना' म्हणाले ते. मामाने तोंड भिंतीकडे केलं. तसाच म्हणाला, "त्या दिवशी जेवताना 'नाना' म्हणून थांबली होतीस, तेच काय?"

"हो."

"आणि मग भात वाढू का म्हणालीस."

"हो."

"आणि मीच म्हटलं, मला वाढ." तो थोडा हसला. ते हसणं मला आजही सोसत नाही. मग माझ्याकडे वळून त्याने मला शपथ घातली. "भाऊजीला यातलं काहीच कळता कामा नये. त्यायनं नोकरी सोडली आहे, सुमे. हा कारखाना गेला तर तो माणूस जगायचा नाही."

आठवड्याने, डोळ्यावर पट्टी असतानाच, तो मला घेऊन इतवाऱ्यात गेला. दुकानादुकानांत जाऊन त्याने सांगितलं की या लॉटवर छाप नीट उठला नाही, बदलून देतो. मी मागे पिशवी घेऊन उभी राहायचे. तीन छिन्न्या आधीच विकल्या गेल्या होत्या. मामा त्यांच्याही मागे लागला. एक छोला रोडच्या पाथरवटाकडे सापडली, दुसरी एका प्लंबरने परत दिली. तिसरी कधीच मिळाली नाही. अजूनही कुठे भिंत फोडायचा आवाज आला की मला ती आठवते. गोळा केलेला सगळा माल आम्ही सईदभाईंकडे नेला. त्यांनी मामाच्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला एक शब्द विचारला नाही, आणि तो न विचारणं मला थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी सगळ्या छिन्न्यांना नव्याने पाणी दिलं, मोबदला घ्यायला नकार दिला, आणि आम्ही त्या पुन्हा दुकानात नेऊन ठेवल्या. नानांच्या भट्टीतून पुढचा माल निघाला की मामा काहीतरी बहाणा करून तोही बुधवाऱ्याला फिरवून आणायचा. नाना घरी येऊन म्हणायचे, "एकही तक्रार नाही. डोळ्यात पारख पाहिजे, बस."

डोळा हा शब्द ते इतक्या सहज वापरत. मामा तेव्हा ताटातली पोळी मोडत असायचा. वाटीत बुडवायला गेला की घास कधी कधी वाटीच्या बाहेर पडे. एका डोळ्याने लांब-जवळचं अंतर कळत नाही, हे आम्हाला असं कळलं. अमरावतीहून पत्र यायचं थांबलं. शिडीवर चढणं बंद झालं. पण सगळ्यात वाईट होती दुपार. आई सवयीने सुई-दोरा घेऊन बसायची, आणि मामा सवयीने हात पुढे करायचा. टोक ओलं करायचा, सुई उजेडाकडे धरायचा, आणि दोरा सुईच्या बाजूने निघून जायचा. पुन्हा. पुन्हा. आई अंगणातल्या तुळशीकडे पाहत बसायची, जणू तिला काही घाईच नाही. पाऊण तास लागायचा. ओवला की म्हणायची, "झालं पण, किती लवकर." मी आतल्या खोलीत तोंडात ओढणी कोंबून उभी राहायचे.

हे तीन महिने चाललं. मग एक दिवस नाना इतवाऱ्यात गेले असता दुकानाच्या फळीवरची एक छिन्नी त्यांनी सहज हातात घेतली. समई त्यांची होती. पण ते पाण्यात विझवत, त्यांची छिन्नी राखाडी निघे. ही काळसर होती, तिच्यावर तेलाची झाक होती. भोपाळमध्ये तेलात विझवणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता, सईदभाई. त्यांनी दुकानदाराला विचारलं, आणि त्या भल्या माणसाने सांगून टाकलं, "आपके साले साब ले गए थे सेठजी, फिर बदलके दे गए. आँख पे पट्टी बँधी थी बेचारे के."

नाना घरी आले तेव्हा ओट्यावर सुई-दोऱ्याचाच कार्यक्रम चालला होता. ते मामासमोर जमिनीवर बसले आणि छिन्नी मध्ये ठेवली.

"वसंता, बाजारातली होती म्हणालास."

मामा सुईकडेच पाहत होता. "तुमचा कारखाना काय बाजाराच्या बाहेर आहे का, भाऊजी?"

नाना पुढे वाकले आणि त्यांनी मामाचे पाय धरले. आमच्याकडे मेहुण्याने बहिणीच्या नवऱ्याच्या पाया पडायचं असतं. हे उलटं आम्ही कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. मामा ओरडला, "भाऊजी, सोडा, पाप लागेल मला," आणि पाय ओढून घ्यायला लागला, पण नाना सोडीनात. आई दोघांच्या मध्ये बसून रडत होती. मी दारात उभी होते. तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक पाऊल पुढे टाकून म्हणायला हवं होतं की नाना, मला माहीत होतं, मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मामाने मान न वळवता हाताने मला आत जा अशी खूण केली. आणि मी आत गेले. शपथ होती म्हणून गेले, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले.

दुसऱ्या दिवशी नाना बुधवाऱ्याला गेले आणि त्यानंतर समईछाप छिन्नीला नेहमी सईदभाईंनीच पाणी दिलं, त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाने. नानांनी भट्टीला पुन्हा हात लावला नाही. गंमत अशी की कारखाना त्यानंतरच खऱ्या अर्थाने वाढला. माल इटारसीपर्यंत, जबलपूरपर्यंत गेला. लोक नानांना सल्ला विचारायला येत. नाना सगळ्यांना एकच सांगत, "ज्याचं काम त्याला द्या. मालकाला सगळं यायची गरज नाही, कुणाला काय येतं हे ओळखता आलं की पुरे." ऐकणारे वा वा करत. मामा शेडमध्येच टेबलाशी बसून मालाची ने-आण पाहत असे, तो तेवढ्यापुरता उठून बाहेर जाई. त्याने लग्न केलं नाही. आई असेपर्यंत तिच्या सुया ओवत राहिला, आणि हळूहळू त्याला पुन्हा बऱ्यापैकी जमायला लागलं.

नाना पुष्कळ जगले. शेवटचे काही महिने माझ्याकडेच होते. मामा त्यांच्या दोन वर्षं आधी गेला होता, आणि त्याची शपथही त्याच्याबरोबर गेली होती. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. एक दिवस दुपारी, खिडकीपाशी खुर्चीत बसल्या बसल्या नाना म्हणाले, "परवा सईदचा मुलगा भेटायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, त्या पहिल्या लॉटमधली एक छिन्नी अब्बांनी मोडून पाहिली होती. शेडमध्ये येऊन. मी नव्हतो त्या वेळी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुमे, तुला काही म्हणाला होता का ग सईद?"

मी त्यांचं पांघरूण नीट करत होते. ते करतच राहिले.

"नाही," मी म्हणाले.

नानांनी मान हलवली. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "वाटलंच मला. तुला सांगितलं असतं तर तू मला सांगितल्याशिवाय राहिली नसतीस." मग त्यांनी विचारलं, आज जेवायला काय आहे. मी म्हटलं, गोळाभात. म्हणाले, "वाढ."